उंबऱ्यावर फिरलेला मोर

"मेलेल्या माणसाचं पोट हललं की वो, शंभूराव! मी ह्या डोळ्यांनी बघिटलो. लेक उरावर पडून रडालीय, आन् खाली बाप आरामात श्वास घ्यालाय. वर-खाली, वर-खाली. मला इचाराल तर तो भाग एक नंबर. तसला भाग पुन्हा झाला न्हाई."

"एक नंबर?" फोडणीच्या चरचराटातून हणमंतरावाच्या बायकोचा, सोयराबाईचा आवाज आला. "अवो, त्या भागाला माझा पदर भिजला होता."

"तू रड गे. तुला रडायला कांदा बी पुरतो. मेलेला माणूस कशाला पायजे?"

शंभूराव दुकानातल्या स्टुलावर बसून मिशीतल्या मिशीत हसले. त्यांच्या घराण्यातले कुणीतरी म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. शंभूराव स्वतः बस डेपोतून रिटायर झालेले, घोड्याच्या जवळसुद्धा कधी गेलेले नाहीत, पण स्टुलावर बसायचे ते खोगिरावर बसल्यासारखे ताठ. रोज संध्याकाळी साडेसातची मालिका बघायला ते हणमंतरावाच्या दुकानात यायचे. घरी टीव्ही होता, मोठा होता. पण घरच्या टीव्हीत हणमंतराव नव्हता.

म्हैसूरच्या अग्रहाराच्या गल्लीत हणमंतरावाचं दुकान. पुढं दुकान, मागं घर आणि मधल्या भिंतीत वर बसवलेला टीव्ही, असा की मशीनवर बसून मान वर केली तरी दिसावा आणि चुलीपुढून वाकून बघितलं तरी दिसावा. घराणं विठोबाचं. कधीकाळी कुठल्यातरी पिढीनं सुई-दोरा घेऊन इकडं पाय ठेवला आणि मग इथलंच पाणी, इथलीच भाषा, इथलाच नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याचा रागीमुद्दा. मराठी उरली ती घरात, देवळात आणि भांडणात. भांडायला हणमंतरावाला मराठीच लागायची. तो म्हणायचा, कन्नड गोड भाषा आहे, शिवी दिली तरी साखर लागते.

शिंप्याची जात अशी की कापड पुढून कुणी बघत नाही. गिऱ्हाईक चकाकी बघतं, काठ बघतं, रंग बघतं. शिंपी आधी ते उलटं करतो आणि शिवण बघतो. हणमंतरावानं चाळीस वर्षं हेच केलं, आणि टीव्ही आल्यावर टीव्हीही उलटाच करून बघायला लागला. नायिका रडायला लागली की बाकीचे तिचे डोळे बघायचे. हा बघायचा तिच्या मागचं घड्याळ. "रडायला सुरुवात केली तवा सव्वाचार. आता पावणेतीन. ही बाई उलटी रडालीय."

त्याची आवडत्या भागांची उतरंड ठरलेली होती. सगळ्यात वर तो श्वास घेणारा मुडदा. त्याखाली पुजाऱ्याचा भाग: पुजाऱ्यानं न पेटवलेल्या निरांजनानं आरती केली आणि सगळ्या घरानं त्या थंड निरांजनावर हात शेकून डोळ्यांना लावले. मग डोहाळजेवणाचा भाग. त्या सुनेचा नववा महिना एका दसऱ्याला लागला तो पुढचा दसरा आला तरी सरला नाही. "हत्तीण बी एवढे दिवस घेत न्हाई," असं हणमंतराव म्हणाला, आणि सोयराबाईला त्या दिवशी आलेलं हसू तिनं तोंडात पदर कोंबून गिळलं, कारण हसलं की त्याला चेव चढायचा.

ज्या भागात एकही चूक सापडायची नाही, तो भाग त्याला बेचव लागायचा. "आज काय राम न्हाई वो," म्हणत तो काजं करायला घ्यायचा.

सोयराबाईचं दुःख वेगळं. तिला साडेसातची मालिका चूक-बरोबर बघायची नव्हतीच. दिवसभर हातशिलाई आणि हूक लावून मान मोडली, की अर्धा तास कुणाच्यातरी घरची सासू कुणाच्यातरी सुनेला छळते ते शांतपणे बघावं, एवढंच तिला हवं होतं. पण सासूनं विषाचा पेला उचलला की हा मधेच म्हणायचा, "मघाशी पेला डाव्या हातात होता." विष बाजूला राहायचं आणि सगळे हात बघायला लागायचे.

थोरली लेक सिंचना गावाबाहेरच्या हूटगळ्ळीत एका कंपनीत नोकरीला. ती म्हणायची, "अप्पा, प्लीज. जरा सुम्नं, गप बसा की. एन्जॉय करा."

"एन्जॉयच करालोय की. तुला काय वाटलं, मी रडालोय?"

आणि मग तो नेहमीचं वाक्य म्हणायचा. टाचणी दाताखाली धरून, आढ्याकडं बघून: "त्या लोकांत एक माणूस माझ्यासारखा पायजे होता. एकच. एक चूक जाऊ दिलो नसतो."

हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं की शेवटी विठोबालाही कंटाळा आला असावा.

वर्षिणी ही देवळातल्या मंडळींपैकीच एका घरची पोरगी. कपड्यांचं शिकून बेंगळूरला गेली आणि मालिकावाल्यांच्या वेशभूषेच्या कामात शिरली. साडेसातच्या मालिकेत जानकी नावाच्या नायिकेचं लग्न व्हायचं होतं आणि त्याचं शूटिंग म्हैसुरात होणार होतं. वर्षिणी हणमंतरावाच्या दुकानी आली. पायातले बूट तिनं पायरीखाली काढले, त्यानंच तो निम्मा खूश झाला.

"मामा, एक ब्लाउज पायजे. जानकीच्या गृहप्रवेशाचा. पण दोन करायचे. सेम टू सेम. लाइटखाली घाम येतो, एक भिजला तर दुसरा घालायचा."

"जानकीचा?" हणमंतरावानं टाचणी तोंडातून काढली. "आपली साडेसातची जानकी?"

"तीच. हे भाग नीट पार पडले तर पुढं सगळ्या बायकांचं शिवण तुमच्याकडंच. मी बोलून ठेवलेय."

तिनं दोन ब्लाउजपीस पुढं ठेवले. एकाच साडीचे दोन तुकडे तिनं कुठून पैदा केले ते तिचं तिला ठाऊक. लालभडक रेशीम आणि दोन्ही बाजूंच्या काठावर तळहाताएवढे सोनेरी मोर.

आता मोराच्या काठाची एक गोष्ट आहे, ती पोटात ठेवल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. काठावरचे मोर सगळे एकाच दिशेनं तोंड करून असतात, शाळेच्या रांगेतल्या पोरांसारखे. दोन्ही बाह्या एकाच काठातून कापल्या तर उजव्या दंडावरचा मोर पुढं बघतो आणि डाव्या दंडावरचा पाठीकडं. म्हणून एक बाही ह्या काठातून कापायची आणि दुसरी समोरच्या काठातून. मग दोन्ही मोर पुढं बघतात, नवरीबरोबर लग्नाला निघाल्यासारखे. हे शिंप्याच्या पोराला मिसरूड फुटायच्या आधी कळतं.

त्या एकादशीला देवळात भजन संपल्यावर हणमंतराव टाळ खाली ठेवून उभाच राहिला. प्रसादाची केळी वाटली जात होती, तरी लोक थांबले.

"येत्या आठवड्यात जानकी घरात येते. तिच्या अंगावर माझा ब्लाउज हाय. कुणीबी बघा, भिंग लावून बघा. त्यात एक चूक दाखवा, त्या दिवसापासनं मी टीव्हीपुढं तोंड उघडणार न्हाई. विठोबाच्या पायाशी उभा राहून सांगालोय."

"बघा हं," शंभूराव केळं सोलत म्हणाले. "साक्षीला पांडुरंग आहे, आणि मी आहे. पांडुरंग एकवेळ विसरेल."

सोयराबाईनं बायकांच्या घोळक्यातून हात जोडले. कशासाठी जोडले ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पहिला ब्लाउज कापायला घेतला. अस्तर कापलं, पाठ कापली, गळा कापला. बाह्यांसाठी कापड टेबलावर पसरलं आणि वर टीव्हीत आदल्या दिवशीचा भाग पुन्हा लागला. देवघरात समई विझली होती. जानकी म्हणाली, "अम्मा, अपशकुन!" कॅमेरा आईवर गेला, परत जानकीवर आला, आणि समई ढणाढणा जळत होती.

"अय्यो! पेटली! कोण पेटवलं? गे, इकडं ये, बघ बघ, समई आपोआप पेटली!"

"दूध उतू चाललंय, मी येत न्हाई," आतून उत्तर आलं.

मान वर होती. कात्री खाली चालली होती. चाळीस वर्षांचा हात, सरळ कापायला त्याला डोळे लागत नाहीत. हातानं आपलं काम चोख केलं: सरळ रेषेत, एकाच काठातून, शेजारी शेजारी दोन बाह्या.

शिवतानाही कळलं नाही. बाही लावताना ती उलटी करून लावतात. सोयराबाईला हूक लावायला द्यायला वेळ नव्हता, वर्षिणीचे फोनवर फोन येत होते, त्यानंच भराभर लावले. ब्लाउज पिशवीत घातला आणि बसनं म्हैसुरातल्याच विजयनगरला गेला. जानकीच्या सासरचं घर म्हणून तिथला एक मोठा बंगला घेतला होता. बंगल्याचं फक्त दार घेतलं होतं. आतला दिवाणखाना लहान पडतो म्हणून तो हूटगळ्ळीच्या एका नव्या घरात होता. म्हणजे सून विजयनगरात उंबरा ओलांडणार आणि तिचं पाऊल पडणार हूटगळ्ळीत, मध्ये दोन दिवस आणि एक बसचा रस्ता.

हे हणमंतरावाला तिथल्या एका लाइटवाल्यानं सांगितलं, आणि त्यानं जाणकारासारखी मान हलवली. "माहीत हाय मला. म्हणून तर चुका होत्यात तुमच्या."

जानकी आली. दारात उभी राहिली. करवल्या, कलश, तांदळाचं माप, सगळं झगमगलं. हणमंतराव वायरींच्या भेंडोळ्यात उभा राहून आपल्या शिवणीकडं बघत होता. खांदा सुरेख बसला होता. पाठीला एक सुरकुती नव्हती. उजव्या दंडावरचा मोर ऐटीत पुढं बघत होता. मग जानकीनं डावा हात उचलून पदर सारखा केला.

डाव्या दंडावरचा मोर माहेराकडं तोंड करून उभा होता.

 हणमंतरावानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. वर्षिणी जानकीच्या नथीशी झटत होती. डायरेक्टर भजी खात होता. पन्नास माणसं त्या बाईकडं टक लावून बघत होती आणि एकालाही मोर दिसत नव्हता. त्याला बरं वाटलं, आणि त्याच दमात त्यांची कीवही आली. तो कुणाशी न बोलता बसस्टॉपवर गेला.

घरी येऊन त्यानं दुसरा ब्लाउज कापला. टीव्ही बंद करून. एक बाही ह्या काठातून, एक त्या काठातून.

रात्रीच्या जेवणाआधी सोयराबाई हूक लावायला बसली. तिनं ब्लाउज डोळ्यांपुढं धरला. दुकानातल्या आरशात पहिला ब्लाउज पिशवीत जाताना तिच्या नजरेखालून गेला होता.

"अवो, पहिल्याचा एक मोर मागं बघत होता न्हवं?"

"असेल."

"मग हा पुढं कसा बघतोय?"

"चूक सुधारली."

"पण ती पोरगी सेम टू सेम म्हणाली होती."

हणमंतरावानं खडू ठेवला. "तू येडी काय गे? एकदा दिसलेली चूक पुन्हा हातानं करायची? असं शिंप्याचं पोर करंल? सेम टू सेम म्हणजे मापानं. मत्तं, शिवाय पहिला त्यांनी घामात भिजवला असेल. आता हाच वापरतील."

सोयराबाईनं हूक लावले. नवऱ्याला दोनदा सांगायची तिची पद्धत नव्हती. एकदा सांगायचं आणि मग वाट बघायची, हे तिला लग्नानंतर पहिल्या वर्षात जमलं होतं. सकाळी सिंचना कामावर जाताना ब्लाउज स्कूटीवरून हूटगळ्ळीला देऊन आली.

आणि हणमंतराव निर्धास्त झाला. जगातल्या प्रत्येक मालिकेचं दार एकीकडं आणि दिवाणखाना दुसरीकडं असतो हे ज्याला पाठ होतं, ज्यानं ह्या एका गोष्टीवर वर्षानुवर्षं गल्लीला हसवलं होतं, त्याच्या डोक्यात आपले दोन ब्लाउज एका उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे आहेत हे काही आलं नाही. दुसऱ्याच्या ताटातला केस लांबून दिसतो. आपल्या भाताबरोबर खडा गिळला तरी माणूस म्हणतो, तांदूळ जुना आहे.

गृहप्रवेशाच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शंभूराव बायकोसकट आले. सिंचना लवकर आली. देवळातली चार-सहा माणसं कापडाच्या गठ्ठ्यांवर बसली. सोयराबाईनं चुरमुरे केले. हणमंतराव इस्त्रीचा शर्ट घालून मशीनवर बसला, काम काही नसताना.

साडेसात झाले. जानकी दारात आली. कॅमेरा पायापासून वर चढत गेला आणि लाल रेशीम पडदाभर पसरलं. "अहाहा," कुणीतरी म्हणालं. जानकीनं माप ओलांडलं, तांदूळ सांडले, पाऊल आत पडलं, आणि ती दिवाणखान्यात उभी राहिली. डावा हात छातीशी.

"थांबवा! मोर फिरला!" हणमंतराव मशीनवरून उडाला. "बघिटला काय? दारात मागं बघत होता, आत आल्यावर पुढं! उंबरा ओलांडला आन् मोरानं मान फिरवली! अरे कोण गाढव शिंपी हाय हा—"

शेवटचा शब्द तोंडातून निघून गेला तेव्हा त्याला आपल्याच दुकानाची पाटी दिसली.

"काय फिरलं?" शंभूरावांनी विचारलं. सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या होत्या, टीव्हीकडं एकाचीही नाही. तोवर पडद्यावर सासू आली होती.

"मोर..." हणमंतराव खाली बसला. "मोरासारखी चालली म्हणालो. जानकी. काय डौल हाय."

"आणि गाढव कोण?"

"तो... नवरा. एवढी लक्ष्मीसारखी बायको आणि तो मागं बघालाय."

कुणाला काही पटलं नाही, पण जानकी रडायला लागल्यामुळं विषय राहिला. मग त्या दिवशी गल्लीनं कधी न बघितलेला प्रकार बघितला. हणमंतराव मालिकेची स्तुती करत होता. सासूच्या हातातला कलश मघाशी तांब्याचा आणि आता पितळेचा झाला, तो म्हणाला, "काय ओवाळणं हाय." खिडकीत दुपारचं ऊन आणि दारात चंद्र, तो म्हणाला, "लाइट एकदम झकास." शंभूरावांच्या बायकोनं सोयराबाईच्या कानात विचारलं, "ताप-बिप आहे काय?"

सोयराबाई चुरमुरे चावत शांतपणे टीव्ही बघत होती. तिनं मोर बघितला होता. तिला सगळं कळलं होतं. पण भाग चांगला चालला होता.

भाग संपला. लोकांनी डोळे पुसले, हणमंतरावाचा हात हातात घेतला, "ब्लाउज म्हणजे ब्लाउज!" म्हणून गेले. वाचलो, असं त्याला वाटलं. ते वाटणं सकाळच्या कॉफीपर्यंत टिकलं.

कारण कॉफी पिताना त्याच्या ध्यानात आलं: इतक्या वर्षांत त्यानं पकडलेल्या सगळ्या चुकांत ही सगळ्यात देखणी होती. मुडद्याचा श्वास तिच्यापुढं काहीच नाही. श्वास काय, कुणाचाही चालतो. पण सोन्याचा मोर उंबऱ्यावर मान फिरवतो! एका पावलात! असली चूक जन्मात एकदा सापडते. आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

तो स्वतः न सांगता लोकांना चाचपू लागला. दूधवाल्याला विचारलं, "काल बघिटला काय? काही दिसलं?" दूधवाला म्हणाला, जानकी दिसली. देवळात विचारलं. तिथं एकजण म्हणाला, सासूचं मन पालटणार बहुतेक. "मन न्हाई वो, दुसरं काही पालटलेलं दिसलं काय?" एकालाही नाही. चॅनेलवाले तर ते दृश्य दर जाहिरातीनंतर दाखवत होते. दिवसातून कितीदातरी तो मोर मागं बघायचा, पुढं बघायचा, मागं, पुढं, जसा काही हणमंतरावालाच शोधत होता. आणि सगळं म्हैसूर आंधळ्यासारखं बघत होतं.

"ह्या गावात डोळा म्हणून राहिला न्हाई," तो सोयराबाईपुढं चिडला.

"दिसला असता तर तुमचंच तोंड बंद झालं असतं."

"ते येगळं. पण दिसायला नको?"

तिसऱ्या संध्याकाळी शंभूराव आपल्या स्टुलावर येऊन बसले. मालिका लागायला वेळ होता. मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "हणमंतराव, आमच्या मंडळी ब्लाउज शिवायचा म्हणतात. त्या जानकीसारखा. त्या दिवशी दारात ती उभी होती ना, तसा. दोन्ही मोर कसे ऐटीत पुढं बघत होते, आमच्या घोडदळासारखे."

हणमंतराव काज करत होता. सुई थांबली. त्यानं स्वतःला आवरलं. सोयराबाईनं दारातून त्याच्याकडं बघितलं आणि हळूच मान हलवली, नको म्हणून.

"दारात न्हवं," तो म्हणाला. "आत."

"दारातच. मी नीट बघितलं. दोन्ही पुढं."

"शंभूराव, दारात दोन्ही पुढं नव्हते."

"होते की! मी काय आंधळा आहे? पैज लावतो."

"कसली पैज लावताय!" हणमंतराव ओरडलाच. "दारातला डावा मोर मागं बघत होता! ढुंगण पुढं करून उभा होता! आत आल्यावर तो पुढं बघायला लागला, कारण आतला ब्लाउज दुसरा होता, आन् पहिल्याच्या दोन्ही बाह्या मी एका काठातनं कापिटल्या होत्या! ज्याला म्हाईत न्हाई त्यानं बोलू नये!"

दुकानात सुई पडली असती तर ऐकू आली असती. ती पडलीच, हणमंतरावाच्या हातातून.

 शंभूराव उठले, देवळाच्या दिशेला तोंड करून नमस्कार केला आणि पुन्हा बसले.

"मग हणमंतराव," ते म्हणाले, "पांडुरंगाला मी काय सांगू?"

हणमंतरावानं वाकून सुई उचलली. साडेसात वाजले होते.

त्या दिवशीच्या भागात जानकीच्या कपाळावरचं कुंकू आधी गोल होतं, मग चंद्रकोर झालं, मग गेलंच. हणमंतरावाचे कान लाल झाले. त्यानं खालचा ओठ दातात धरला. दुसऱ्या दिवशी सासऱ्यानं मोडलेल्या पायाचं प्लास्टर ह्या पायावरून त्या पायावर नेलं. हणमंतराव उठून मोरीत गेला आणि तोंडावर पाणी मारून आला. तिसऱ्या दिवशी देवळातली माणसं यायची बंद झाली. "गप बसलेला हणमंतराव बघायला कशाला जायचं," असं एकजण म्हणाला, "तो बसस्टॉपवर बी दिसतो." शंभूराव मात्र नेमानं येत होते. शपथेला साक्षीदार लागतो.

आणि सोयराबाईला शेवटी ती मालिका हवी तशी, शांतपणे, सलग बघायला मिळाली. चौथ्या दिवशी ती मधेच उठून भाजी निवडायला गेली.

"काय गे, बघत न्हाईस?" हणमंतरावानं विचारलं.

"बघितली. काही होतच न्हाई त्यात."

पाचव्या दिवशी सकाळीच वर्षिणी आली. हातात पिशवी. हणमंतराव तिला बघून मशीनमागं सरकला. तिला कळलं होतं. मालिकेचे तुकडे जुळवणाऱ्यांपैकी कुणीतरी दोन चित्रं शेजारी लावून बघितली होती.

"मामा, मोर," ती म्हणाली.

"व्हय बाई. माझंच चुकलं. पहिला मी चुकीचा कापलो. ध्यान टीव्हीत होतं. काम काढून घेतीस तर घे."

"काम कशाला काढू? आणखी दोन पायजेत." तिनं पिशवीतून तेच लाल कापड काढलं. "जानकीला तो गृहप्रवेश सारखा आठवणार आहे. निदान तीन महिने आठवणार, त्याची नवी दृश्यं घ्यायचीत. बाहेरच्यासारखे दोन करा. डावा मोर मागं बघणारा."

"मागं?" हणमंतराव उभा राहिला. "अगं, तो चुकीचा हाय! आतला बरोबर हाय! आतल्यासारखे करतो की."

"आतला बाद केला. मोठ्या पोस्टरवर बाहेरचा आहे, सगळ्या गावात लागलाय. आता तोच बरोबर. आतला चुकीचा धरायचा."

"बरोबर शिवलेला चुकीचा? असं कुठं असतंय वर्षिणी? मोर पाठीकडं बघतोय, लोक काय म्हणतील? शिंप्याला अक्कल न्हाई म्हणतील! उद्या टीव्हीत बघणारा—"

"हणमंतराव," स्टुलावरून शंभूराव म्हणाले. आज ते सकाळीच आले होते, बायकोच्या ब्लाउजचं कापड घेऊन. "टीव्हीतली चूक काढायची नाही ठरलंय."

हणमंतरावानं तोंड उघडलं. मिटलं. वर्षिणीनं बूट घातले, "परवा न्यायला येते, सेम टू सेम हं मामा," म्हणाली आणि गेली.

सोयराबाईनं टेबल पुसून दिलं. हणमंतरावानं कापड पसरलं. ह्या बाजूचे मोर, त्या बाजूचे मोर, मधे लाल मैदान. त्यानं खडू उचलला. मोर दिसताच हात आपोआप समोरच्या काठाकडं निघाला, चाळीस वर्षं जातो तसा. त्यानं तो मनगटाला धरून परत आणला.

"आमच्या मंडळींचा कसा कापणार?" शंभूरावांनी विचारलं. "त्यांना पोस्टरसारखाच पायजे."

हणमंतरावानं चार टाचण्या उचलून ओठांत धरल्या, बोलायला लागू नये म्हणून. मग खाली वाकला आणि मान वर न करता, एकाच काठातून, शेजारी शेजारी दोन बाह्या आखायला लागला.